जिन्याखालचा डबा

वडशाच्या ‘लटारू आर्ट्स’मध्ये ऐन हंगामात, सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, सहा कॉम्प्युटरांच्या पडद्यांवर सहा चक्रं गरगर फिरत होती आणि त्यांच्यासमोर सहा माणसं हाताची घडी घालून बसली होती. एक फ्लेक्स उघडायला आठ मिनिटं लागत होती. तेवढ्यात पियुष चहा पिऊन आला, पान खाऊन आला, समोरच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरशी भांडूनही आला, तरी त्याचं चक्र आपलं फिरतच होतं.

“नीलिमाबाई, तुमच्या डब्ब्याले जरा उठवा ना जी,” तो म्हणाला. “आज तीन गावचे फ्लेक्स द्याचे आहेत.”

डबा म्हणजे दुकानाचा सर्व्हर. तो जिन्याखाली, चपलांच्या रॅकशेजारी, गेली अकरा वर्षं घरघरत होता. झाडीपट्टीतल्या, म्हणजे विदर्भाच्या या पूर्वेकडच्या जंगली मुलखातल्या, झाडून सगळ्या कलाकारांचे, कंपन्यांचे आणि गावपुढाऱ्यांचे फोटो त्याच्या पोटात होते, आणि सहाही कॉम्प्युटर तारेवरून थेट त्यातलीच फाईल उघडून त्यातच काम करत. नीलिमा या डब्याची मालकीण नव्हती, पण सात वर्षं त्याला सांभाळणारी तीच होती.

आता फ्लेक्सला एवढं वजन काऊन, असं बाहेरचा माणूस विचारील. त्यानं झाडीपट्टीत नाटक पाहिलेलं नाही. इथं दिवाळी सरली की गावोगाव बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो, मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक होतं. पण नाटकाआधी उद्घाटन होतं. उद्घाटनाला उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि चाळीसेक प्रमुख अतिथी लागतात, आणि प्रत्येकाचा फोटो फ्लेक्सवर लागतो. एखाद्याचा गाळला, तर तो पुढल्या वर्षी दुसरं मंडळ काढतो. शिवाय फोटो नुसता लावून भागत नाही, तो उजळावा लागतो. दुकानाचे मालक लटारूभाऊ यांची ख्याती त्यातच होती. त्यांच्या हातून गेलेला माणूस दहा वर्षांनी लहान आणि चांगला गोरा होऊन निघे. त्यामुळे फ्लेक्सवरचा माणूस आणि फ्लेक्सखाली उभा असलेला माणूस यांचं नातं बहुधा नावापुरतंच उरे, आणि याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नव्हती.

तक्रार होती ती उशिराची. त्या सोमवारी दुपारी लटारूभाऊंनी नीलिमाला गल्ल्याजवळ बोलावलं.

“नागपूरचा एक माणूस नवा सर्व्हर देऊन राह्यला,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “रविवारी घेऊनच येतो म्हणते. सांभाळाले माणूसही त्याचाच राह्यते. तिकडूनच बसल्या बसल्या चालवते म्हणे.”

“मंग माहं काय, भाऊ?”

“पाहू ना. कटिंग-बिटिंगचं काम राह्यतेच की.”

 फ्लेक्सच्या कडा कापायला आणि त्यांना लोखंडी कड्या ठोकायला दुकानात आधीच दोघं होते. वडशात फ्लेक्सची दुकानं सात होती, पण सर्व्हर हा एकच. इथून उठली तर तिच्या विद्येला गावात दुसरी जागा नव्हती. तिला त्या घरघरत्या डब्याचा, खरं सांगायचं तर, लळा लागला होता.

“शनिवारपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “याच डब्ब्याले पळवून दाखवते. नाई पळला तं रविवारी मीच तुमच्या नागपूरवाल्याले जागा झाडून देते.”

लटारूभाऊ भले माणूस. त्यांनी वेळ दिला.

मंगळवारी नीलिमानं चंद्रपूरहून मेमरीच्या चार पट्ट्या मागवून डब्यात बसवल्या. मेमरी चौपट झाली, तसं एकदा उघडलेले फोटो डबा डोक्यातच धरून ठेवू लागला आणि दुसऱ्यांदा मागितले की लगेच देऊ लागला. बुधवारी तिनं डब्याच्या आत एकाच वेळी फाइली देणारे हात वाढवले. पंगत सहाशेची आणि वाढपी आठ, असं चाललं होतं, तिथं बत्तीस केले. गुरुवारी तिला मोठ्या छपाई मशीनची तार सापडली. ती उंदरानं कुरतडली होती, कुणीतरी तिला चिकटपट्टी गुंडाळली होती आणि तिच्यातून जेमतेम दहावा हिस्सा माल जात होता. नवी तार टाकली. मग मशीन एकटंच सगळी वाट अडवू लागलं, म्हणून तिनं त्याला हद्द घालून दिली आणि उरलेली वाट सहा जणांत वाटून दिली.

फ्लेक्स दोन मिनिटांत उघडू लागला. पण सेव्ह करायला अजून चार मिनिटं लागत होती, आणि तिथंच नीलिमाला मोह पडला.

डब्याची जुनी रीत सरळ होती. कॉम्प्युटरनं ‘हे ठेव’ म्हटलं की डबा ते आधी डिस्कवर लिही आणि मग ‘ठेवलं’ म्हणे. नीलिमानं शुक्रवारी त्याला नवी रीत शिकवली: आधी ‘ठेवलं’ म्हणायचं, माल मेमरीत धरायचा आणि डिस्कवर नंतर सवडीनं उतरवायचा. ही सवड पहिल्यांदा अर्ध्या मिनिटाची होती. तिनं ती पाच मिनिटं केली, मग दहा, आणि शेवटी अर्धा तास. दर वाढीला डबा आणखी पळत होता, आणि पळणाऱ्याला थांबवायला मन होत नाही. मध्येच वीज गेली तर मेमरीतलं सगळं धुऊन निघेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण डब्यामागं हिरव्या रेक्झिनच्या खोळीत भली मोठी बॅटरी होती. तिनं खोळीवर दोनदा थापटून पाहिलं. बॅटरी तासभर दम धरते, हे तिनं दिवाळीतच तपासलं होतं.

“बाई, आता तं बटन दाबाच्या आंधीच सेव्ह होते जी,” पियुषच्या शेजारच्या कॉम्प्युटरवरची चंचल म्हणाली. लटारूभाऊ स्वतः येऊन उभे राहिले, त्यांनी एक फ्लेक्स तीनदा सेव्ह करून पाहिला आणि गल्ल्यावर परत गेले. नीलिमानं त्या रात्री पोटभर जेवण केलं.

शनिवारी आमटोल्याचा फ्लेक्स होता.

आमटोला तिथून तीस किलोमीटर, जंगलाच्या आतल्या अंगाला. गावात दोन पुढारी होते, मुखरूभाऊ आणि इतवारीभाऊ, आणि दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. यंदा गावानं दोघांच्या हातापाया पडून एकच शंकरपट, एकच मंडप आणि दोन रात्री दोन नाटकं असं ठरवलं होतं. उद्घाटक दोघंही. अट एकच, की फ्लेक्सवर दोघांचे फोटो तंतोतंत सारख्या मापाचे हवेत. मंडळाचा सचिव टेप घेऊन मोजणार होता. संध्याकाळी पाचला उद्घाटन, आणि पावणेतीनला टेम्पो निघणार.

मुखरूभाऊंचा फोटो गुरुवारीच आला होता. इतवारीभाऊंचा येता येत नव्हता. अशा वेळी पियुषची एक पद्धत होती. जागा रिकामी ठेवली तर मांडणीचा अंदाज येत नाही, म्हणून तो ‘जुने कलाकार’ या फोल्डरमधला हाताला येईल तो चेहरा तिथं टाकून ठेवी. बहुतेक वेळा हाताला येई लच्छू खलनायक. अकरा वर्षांपूर्वी लटारूभाऊंनी स्वतः उजळलेला तो फोटो होता: पिळदार मिशी, रोखलेली नजर, कपाळावर केसांची एक बट. लच्छूनं आपली तेव्हाची नाटक कंपनी कधीच सोडली होती, पण वडशातल्या निम्म्या पुढाऱ्यांच्या जागा फोटो येईस्तोवर त्यानंच राखल्या होत्या.

पावणेबाराला इतवारीभाऊंच्या पुतण्यानं मोबाइलवर फोटो धाडला. सत्तरीतले इतवारीभाऊ, पांढरं डोकं, खोल गेलेले गाल, डोळे उन्हानं बारीक केलेले. पियुषनं वेळेअभावी केस तेवढे जरा काळपट केले, लच्छूला काढून फोटो बसवला आणि मंडळाच्या सचिवाला दाखवला. बारा वाजून दहा मिनिटांनी सचिवानं होकार दिला. पियुषनं सेव्ह केलं. डबा म्हणाला, ठेवलं.

बारा वीसला वीज गेली.

सहाही पडदे काळे झाले. नीलिमा जागची हलली नाही. कॉम्प्युटर गेले तरी डबा बॅटरीवर आहे, हे तिला माहीत होतं. मग तिच्या ध्यानात आलं की दुकानात फार शांतता आहे. एरवी रात्रंदिवस चालणारी घरघर थांबली होती.

ती धावत जिन्याखाली गेली. खोळ उचलली. आत टोमॅटोचं एक रिकामं क्रेट उपडं घातलेलं होतं.

“भाऊ,” तिनं खालूनच विचारलं, “इथची बॅटरी कुठी गेली?”

लटारूभाऊ गल्ल्यावर उगाच पावतीपुस्तक चाळू लागले. “ते... बुधवारी समोरचे कंपनीवाले आले होते. त्यांच्या संगीतवाल्याची बॅटरी बसली म्हणे. दोन रात्रीसाठी नेली, अजून आणली नाई. हंगामात कोनाले नाई कसं म्हणाचं?”

“अन मले सांगतलं नाई?”

“तू चिंता करशीन म्हणून खोळ तशीच ठेवली.”

“पन बॅटरी काढली तं हा ओरडते ना?”

“ओरडून राह्यला होता. म्हणून त्याचा भोंगा बंद केला.” मग त्यांना मालकपण आठवलं. “पन मी म्हणतो, बॅटरीबिगर दम नाई निंगत, तं असा डब्बा काय कामाचा? उद्या नागपूरवाला येतेच.”

नीलिमाला रडू आलं आणि रागही आला, पण दोन्हींना सवड नव्हती. तिनं सगळ्यांना विचारलं, कुणाचं काय चालू होतं. इतर पाच जणांची कामं सकाळचीच होती, ती केव्हाच डिस्कवर उतरली होती.

“आमटोल्याचं मी सेव्ह केलं होतं जी,” पियुष म्हणाला. “त्यानं ‘झालं’ म्हणून सांगतलं. मी डोयानं पाह्यलं.”

‘झालं’ म्हणायला त्याला कुणी शिकवलं, हे नीलिमा बोलली नाही.

वीज आली एक वाजून पाच मिनिटांनी. डबा उठला, पण असा अचानक झोपवलेला डबा उठल्याबरोबर कामाला लागत नाही. तो आधी आपल्या चारही डिस्क एकेक करून तपासतो. त्या तपासणीला अर्धा तास लागला. लटारूभाऊ दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता आणि सचिवाचे फोनवर फोन येत होते. एक पस्तीसला चक्र थांबलं. पियुषनं फाईल उघडली. वीस फुटांचा फ्लेक्स हातभर पडद्यावर, त्यात बावन्न चेहरे, बहुतेक हरभऱ्याच्या दाण्याएवढे; घाईत त्यानं फक्त एकही जागा रिकामी नाही ना, तेवढं पाहिलं.

“आहे,” पियुष म्हणाला. “सगळं जागच्या जागी आहे.” आणि त्यानं छपाई सोडली.

मशीन एका टोकाकडून ओळ ओळ छापत गेलं आणि दुसऱ्या टोकाला दोघं जण लगेच गुंडाळत गेले. पावणेतीनला टेम्पो सुटला. लटारूभाऊंनी सुस्कारा टाकला. चंचलनं चहा सांगितला.

नीलिमानं चहा घेतला नाही. तिला मघापासून काहीतरी टोचत होतं. तीन वाजून पाच मिनिटांनी तिनं डब्यात आमटोल्याची फाईल काढली आणि तिची वेळ पाहिली. अकरा बेचाळीस. सचिवाचा होकार आला होता बारा दहाला. तिनं फाईल मोठी करून उद्घाटकांच्या जागेवर नेली. डावीकडे मुखरूभाऊ, शांत आणि पोक्त. उजवीकडे, ‘मा. इतवारीभाऊ’ या नावाच्या वर, पिळदार मिशी आणि रोखलेली नजर.

“पियुषभाऊ,” ती हळूच म्हणाली, “इकडं या जी.”

पियुष आला आणि त्यानं पडद्याला नाक लावून पाहिलं. “हा तं लच्छू आहे.”

“हव.”

“आता दोन्ही पार्ट्या आपल्याले वडशात येऊन मारतेत.”

मारणं पुढची गोष्ट. सहा वर्षांनी जोडलेलं गाव पाच वाजता परत फुटणार, आणि रविवारी नागपूरवाला दारात उभा असणार. पूर्ण फ्लेक्स पुन्हा छापायला तासभर लागणार होता. नीलिमानं मनाशी हिशोब केला आणि पियुषला म्हणाली, “फक्त इतवारीभाऊचं मुंडकं छापा. चार बाय चार. मी घेऊन जाते. वरून चिकटवून टाकू.”

पुतण्यानं धाडलेला फोटो मोबाइलवर होताच. साडेतीनला नीलिमा स्कूटीवर निघाली, पायांपाशी डिंकाचा डबा, पाठीला बांधलेली चार फुटी गुंडाळी. लटारूभाऊंना तिनं सांगितलं, की आमटोल्यातून जरा मोबदल्याचं बोलून येते. भाऊ मान डोलावून बॅटरीची चौकशी करायला कंपनीच्या ऑफिसात गेले.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी कोळशाची, आणि तिला अंत नव्हता. फाटक उघडलं तेव्हा चार वाजायला आले होते. पुढं जंगलाचा रस्ता मोकळा लागला, तर मोहाच्या झाडांपाशी शंकरपटाचे बैल आडवे आले. पटाचे बैल म्हणजे घरचे जावई. त्यांच्यासाठी रस्ता सोडावा लागतो, हॉर्न तर वाजवायचाच नाही. नीलिमा त्यांच्या मागून अर्धा किलोमीटर पावलापावलानं गेली. एक बैल दर थोड्या वेळानं मागं वळून तिच्याकडे पाहत होता.

ती आमटोल्यात पोचली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. फ्लेक्स चढला होता. गावाच्या तोंडाशी दोन बांबूंच्या कमानीवर, बारा फूट उंच, उन्हात लखलखत होता. उद्घाटकाच्या जागेवरून लच्छू सगळ्या गावावर नजर रोखून होता, आणि त्याच्या बरोबर खाली, कोरं धोतर नेसून, काठी टेकून, इतवारीभाऊ वर बघत उभे होते. आजूबाजूला शंभरेक माणसं जमली होती.

 परत फिरावं असं नीलिमाला वाटलं, पण स्कूटीचा आवाज ऐकून इतवारीभाऊंनी मान वळवली.

“कोन वं, बाई?”

“मी... फ्लेक्सच्या दुकानातली जी. वडशाहून.”

“असं. इकडं ये.” त्यांनी काठीनं वर दाखवलं. “हा फोटो तुमीच बनवला?”

खोटं बोलायला सुचेना. “आमच्याच इथं झाला जी. चूक...”

“सत्तर वर्साच्या माणसाले पस्तीसचा केला तुमी,” इतवारीभाऊ म्हणाले. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मी असाच होतो, बाई. तरणेपणी मी असाच होतो. आमच्या बुढीले बलावलं आहे पाहाले.”

 गर्दीतून एक म्हातारी आली, सोनीबाई, इतवारीभाऊंच्या पत्नी. त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. नवऱ्याचं तोंड बायको विसरत नाही, हे नीलिमाला ठाऊक होतं.

“मिशी एवढी नोती,” सोनीबाई बराच वेळ बघून म्हणाल्या. मग पुन्हा पाहिलं. “पन असू द्या. दिसते बेस.”

“अन तुह्या पाठीले काय आहे?” इतवारीभाऊंनी विचारलं, आणि ती अडवायच्या आत कुणीतरी गुंडाळी सोडवून उलगडली. चार फुटी इतवारीभाऊ, काळपट केस, खोल गाल, बारीक डोळे. लोक एकदा खाली बघत होते, एकदा वर.

“हा तं पुतण्यानं धाडलेला फोटो,” इतवारीभाऊ म्हणाले. “म्हणजे यालेच तुमी तसं केलं? कशानं झालं इतकं?”

आता मात्र नीलिमानं खरं ते सांगितलं. “सर्व्हरमुळे झालं जी.”

“म्हणजे मशीन?”

“हव. आमच्या जिन्याखाली आहे.”

“हे गुंडाळून ठेव,” इतवारीभाऊ म्हणाले. “हा आधार कार्डाले चालते.”

नीलिमा गुंडाळी बांधू लागली, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मुखरूभाऊ आले. मागं मंडळाचा सचिव, हातात टेप. मुखरूभाऊंनी कमानीकडे पाहिलं, मग नीलिमाकडे.

“माप बराबर आहे,” सचिव घाईघाईनं म्हणाला. “चार बाय चार. दोन्ही.”

“माप चुलीत घाल,” मुखरूभाऊ म्हणाले. “तो तरणा अन मी बुढा, हे कुठचं माप? आमी एकाच वर्गात होतो. मी मंडपात येत नाई.”

त्यांच्यामागचे पन्नास जण दोन पावलं मागं सरकले. इतवारीभाऊंकडची माणसं दोन पावलं पुढं आली. पाचला दहा मिनिटं होती, आणि मंडपातून माइकची चाचणी ऐकू येत होती. सचिव टेप गुंडाळायचं विसरून नीलिमाकडे बघत राहिला. सगळं गावच तिच्याकडे बघत होतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “उद्या दुसरं नाटक आहे ना? उद्याचा फ्लेक्स मी स्वतः बनवून आणते. तुमाले पस्तीसचं करून देते.”

मुखरूभाऊंनी विचार केला. “याच्याहून कमी नाई होत?”

“तेहतीस करते जी.”

“मंग चालते,” मुखरूभाऊ म्हणाले, आणि इतवारीभाऊंच्या बरोबरीनं मंडपाकडे चालू लागले. जाता जाता दोघं सहा वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. शाळेत असताना कोण जास्त देखणं होतं, यावर बोलले.

रविवारी सकाळी नीलिमा दुकानात आली ती मनाशी पक्कं ठरवून. आधी तिनं डब्याची रीत पहिल्यासारखी केली. आधी लिहायचं, मग ‘ठेवलं’ म्हणायचं. सेव्हला पुन्हा चार मिनिटं लागू लागली. मग तिनं मुखरूभाऊंना तेहतिसाचं केलं, आणि दुपारी नागपूरवाल्याच्या गाडीचा आवाज आला तेव्हा झाडू घेऊन जिन्याखाली गेली. शब्द दिला होता.

पण जिन्याखाली जायला जागा नव्हती. आमटोल्याचे सात जण, शेजारच्या गावांचे पाच-सहा आणि एक सरपंचबाई तिथं वाकून डबा बघत होते. सगळ्यांच्या खिशात आपापले फोटो होते.

नागपूरवाल्यानं आपला नवा कोरा सर्व्हर टेबलावर ठेवला आणि त्याची वाखाणणी सुरू केली. एका म्हाताऱ्यानं ती सगळी नीट ऐकून घेतली.

“ते सगळं असू द्या,” तो म्हणाला. “तुमच्या मशीनमंदून माणूस किती वर्सानं तरणा निंगते?”

“आजोबा, यात फक्त फाइली राहतात,” नागपूरवाला म्हणाला. “माणसाचं वय याच्यानं कसं बदलणार?”

गर्दीत कुजबुज झाली. सरपंचबाईंनी लटारूभाऊंकडे पाहिलं. “जुना काढून हा लावून राह्यले काय जी? मंग आमी दुसरीकडं जातो.”

लटारूभाऊ पंचवीस वर्षं धंद्यात होते. त्यांनी नागपूरवाल्याला चहा पाजला, सर्व्हर स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीत नेऊन ठेवला आणि परत येताना बॅटरी घेऊन आले. “नीलिमा,” ते जरा खाकरून म्हणाले, “हिले लावून घे. अन याच्याजवळच्या चपला दुसरीकडं ठेवाले सांग.” तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला. मग ती बॅटरीची वायर लावायला जिन्याखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवारी दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. सुटलेलं पोट, विरळ केस, पांढरी मिशी ओठावर लोंबलेली. पियुषनं त्यांना ओळखलं आणि तो एकदम उठून उभा राहिला. ते लच्छूभाऊ होते, एकेकाळचे खलनायक. आता दुसऱ्या कंपनीत नायिकेच्या बापाची कामं करत.

“काल आमची गाडी आमटोल्यावरून गेली,” लच्छूभाऊ म्हणाले. त्यांनी मोबाइल काढून नीलिमापुढं धरला. “हा इतवारीभाऊ म्हणे कोनी. तुमी केला ना हा फोटो?”

पियुष दाराकडं सरकला.  “हव जी,” नीलिमा म्हणाली.

“मले असं करून द्या,” लच्छूभाऊ म्हणाले. “कंपनीवाले म्हणतेत, तुमी आता बुढे दिसता. याचा चेहरा कसा काढला पाहा. काय नजर आहे. मले अशीच पाह्यजे.”

नीलिमानं त्यांच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. ते अगदी मनापासून बोलत होते.

“बसा जी,” ती म्हणाली. “थोडा वेळ लागते. डब्बा आता हळू चालते.”

तिनं रीतसर त्यांचा नवा फोटो काढला. मग ‘जुने कलाकार’ उघडलं, त्यातला फोटो जसाच्या तसा छापला, आणि दहा मिनिटं उगाच थांबून त्यांच्या हातात दिला. लच्छूभाऊंनी तो उजेडात नेला. जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. भिंतीवरच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि परत फोटोकडे पाहिलं.

“बेस आहे,” ते शेवटी म्हणाले. “फक्त नाक माह्यासारखं नाई आलं.”